फरशी पॉलिश, बूट पॉलिश आणि आमची काळी गाडी

काळी गाडी घेऊ नको म्हणून मला तीन जणांनी सांगितलं होतं, त्यातला एक तर गाडी विकणाराच होता. सोलापूरचं ऊन, सोलापूरची धूळ आणि सोलापूरचं बोअरचं पाणी, या तिघांना काळा रंग म्हणजे आयतं गिऱ्हाईक. पण 2014 ची स्विफ्ट, एका हातातली, कमी पळालेली, किंमत बजेटात, मग रंगाकडं कोण बघतंय. घेतली. पहिला महिना भारी गेला. मग एकदा सकाळी आठच्या सुमाराला सात रस्त्याला सिग्नलवर उभा होतो, ऊन तिरकं बॉनेटवर आलं आणि मला पहिल्यांदा ते जाळं दिसलं. कोळ्यानं विणल्यासारखं, सूर्याच्या भोवती गोल गोल, बारीक चरेच चरे. सिग्नल सुटला, मागच्यानं हॉर्न मारला, तरी मी आपला बॉनेटच बघतोय.

घरी येऊन पहिलं काम काय केलं तर आण्णांवर, म्हणजे वडिलांवर, डाफरलो.

कारण गाडी पुसायचं खातं आण्णांकडं होतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस, त्यामुळं आमच्या घरात एक वेळ साखर संपेल पण टॉवेल संपायचे नाहीत. काठ चुकलेले, डिझाइन सरकलेलं, रंगाचा डाग पडलेला, सगळा सेकंडचा माल. रिटायर झाल्यावर रोज सकाळी सहाला उठून, एक टॉवेल झटकून, अख्खी गाडी कोरडी पुसून काढायची हा त्यांचा व्यायाम. मी म्हणलं, आण्णा, तुम्ही गोल गोल हात फिरवता म्हणून हे गोल गोल चरे पडलेत. ते चहा पीत होते, मान वर न करता म्हणले, "मी आयुष्यात काय गोल पुसलं नाय. उभं आन् आडवं. ताणा-बाणा." मी गप बसलो पण मनात म्हणलं, समोर ढळढळीत वर्तुळं दिसतायत आणि हे म्हणतात गोल पुसलं नाय.

बरेच दिवस मी तेच धरून बसलो होतो. मग एका रात्री मोबाइलचा टॉर्च लावून पार्किंगमध्ये गेलो. टॉर्च डावीकडं नेला की ते जाळं पण डावीकडं सरकायचं, उजवीकडं नेला की उजवीकडं. म्हणजे चरे गोल नव्हतेच! चरे सगळ्या दिशांना कसेही पडलेले असतात, सरळ, तिरके, आडवे, आणि त्यातले जे उजेडाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळ झाल्यासारखं दिसतं. स्टीलच्या ताटात पण हेच दिसतं, जेवताना ट्यूबलाइटखाली बघा कधी. आण्णा खरंच ताणा-बाणा पुसत होते. चरे मात्र त्यांचेच, कारण वर धूळ बसलेली असताना कोरडा टॉवेल फिरवला की ती धूळच पॉलिश पेपरचं काम करते, मग हात कुठल्या दिशेला का जाईना. म्हणजे दिशेत मी चुकलो आणि धुळीत ते. दोघांनाही निम्मे निम्मे मार्क.

हे सगळं आज लिहायला बसलो ते एका मित्रामुळं. परवा त्याचा फोन, "बे, गाडीला पॉलिश कुठलं घेऊ, वॅक्सवालं का बिनवॅक्सचं?" मी अर्धा तास बोललो, तो "बरं बरं" म्हणत होता, आणि शेवटी म्हणला, "ते सगळं ठीक आहे, पण डबी कुठली?"

घोळ सगळा त्या पॉलिश शब्दाचा आहे. बूट पॉलिश म्हणजे आपण काय करतो, डबीतलं मेण बुटाला चोपडतो. फर्निचरवाला स्पिरिट पॉलिश करतो म्हणजे लाखेचे हातावर हात चढवतो. दोन्हीकडं काहीतरी वर चढतं. मग गाडीचं पॉलिश म्हणलं की डोक्यात तेच येणार, काहीतरी लावायचं असणार. पण फरशी पॉलिश आठवा. घरात शहाबादी नाहीतर कोटा टाकलेला असतो, मग ते मशीन येतं, घर्रर्र करत, दगड बदलत बदलत, आधी खरबरीत मग बारीक, आणि खोलीभर राखाडी चिखल. तो चिखल म्हणजे आपलीच फरशी. आपण पैसे देऊन आपली फरशी झिजवून घेतो आणि वर म्हणतो काय चमकली. गाडीचं पॉलिश हे फरशी पॉलिश आहे. वॅक्स हे बूट पॉलिश आहे. एकानं काढायचं, दुसऱ्यानं लावायचं, आणि ज्या बाटलीवर दोन्ही एकत्र असं लिहिलेलं असतं तिच्यात थोडी थोडी दोन्ही कामं होतात आणि धड एकही होत नाही, असं माझं मत. घाईत असणाऱ्याला चालतं ते.

आता काढायचं म्हणजे किती शिल्लक आहे ते आधी बघायला पाहिजे ना. गाडीच्या पत्र्यावर आधी गंज न लागण्याचा थर, मग प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, म्हणजे बिनरंगाचं पारदर्शक वार्निश. कंपनीतून निघालेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉन भरतं. आपण झेरॉक्सला वापरतो तो कागद 100 मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे ज्याला आपण गाडीचा रंग रंग म्हणतो तो अख्खा मिळून एका झेरॉक्सच्या कागदाएवढा, आणि त्यातला क्लिअर कोट फक्त 35 ते 50 मायक्रॉन, डोक्याच्या केसापेक्षा पातळ. चरे असतात ते या क्लिअर कोटमध्ये. पॉलिश करायचं म्हणजे चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट खाली आणायचा, की झालं सपाट, सपाट झालं की उजेड सरळ परत येतो, आणि त्यालाच आपण चमक म्हणतो. चमक म्हणून वेगळी काही वस्तू डबीत भरून येत नाही हो. बेतानं केलं तर एका वेळेला एक-दोन मायक्रॉन जातात, खरबरीत कंपाउंडनं, म्हणजे जाड दाण्याच्या पॉलिशनं, त्याहून जास्त. आणि उन्हापासून रंगाला वाचवणारं जे काही असतं ते त्या क्लिअर कोटमध्येच असतं, तो फार खाल्ला की काही वर्षांत टपावर पापुद्रे निघायला लागतात. रस्त्यावर बघा, टपाची आणि बॉनेटची कातडी निघालेल्या गाड्या किती दिसतात.

जुन्या गाड्यांचं वेगळं. आमच्या गल्लीत एक लाल मारुती 800 होती, उभी राहून राहून गाजराच्या रंगाची झालेली. तसल्या जुन्या साध्या रंगाला वरून क्लिअर कोट नसायचा, रंग तोच वरचा थर. पॉलिश मारलं की फडकं लाल व्हायचं आणि बघणारे घाबरायचे की रंग निघाला. निघतच होता, पण मेलेला. खाली ताजा लाल असायचा. आताच्या गाडीला पांढऱ्या फडक्यानं पॉलिश लावून फडक्यावर गाडीचा रंग आला तर मात्र लगेच हात थांबवायचा, कारण क्लिअर कोट संपलाय.

हे सगळं मला आधी माहिती असतं तर मी गाडी रबिंगला टाकली नसती. एका ठिकाणी, नाव नको, 1200 रुपयांत रबिंग-पॉलिश करून देतो म्हणले. संध्याकाळी आणायला गेलो तर गाडी आरशासारखी! मी खुश, बायको खुश, येताना सगळ्यांनी भेळ खाल्ली. आठ दिवसांत दोनदा धुतली आणि जुने चरे हजर, जसं काही गावाला जाऊन परत आले. कारण ते गेलेच नव्हते, तेलकट माल भरून बुजवले होते. वर आणखी नवीन प्रकार, उन्हात बॉनेटवर साडीच्या पदरासारख्या चमकत्या लाटा दिसायच्या, गोल फिरणारं मशीन आणि लोकरीचं पॅड घाईत फिरवलं की होतं ते, त्याला होलोग्राम म्हणतात. आणि ड्रायव्हरच्या दाराच्या कडेला बोटभर जागेत राखाडी प्रायमर डोकावत होता. कडेला रंग मुळातच पातळ असतो, तिथं मशीन एक क्षण जास्त थांबलं की खेळ खलास. भांडायला गेलो नाही. ज्या पोरानं केलं तो अठरा-एकोणीसचा असेल, त्याला दिवसाला पाच-सहा गाड्या उरकायच्या होत्या, त्याला मायक्रॉन कुणी सांगितले असणार. तरी 1200 रुपये अजून दुखतात, खोटं कशाला बोलू.

मग म्हणलं आपणच करू. मायक्रॉनचं ज्ञान झालं होतं, पण हात चालवायची वेळ आली तेव्हा पाय लटपटले.

निवडताना एकच गोष्ट धरून चाललो, सगळ्यात सौम्य जे असेल त्यानं सुरुवात. दुकानात उलटं असतं, तिथं लाल रंगाची जाड कंपाउंडची ट्यूब पहिली पुढं करतात, "सगळे स्क्रॅच जातात साहेब". सगळे जात नाहीत. बोटाचं नख चऱ्यावरून आडवं फिरवायचं, नख अडकलं तर तो चरा फार खोल गेलाय, त्याला पॉलिशनं काढायला गेलं तर चरा जायच्या आधी क्लिअर कोट संपायचा. नख सरकन निघून गेलं तर पॉलिशचं गिऱ्हाईक. मी मेग्वायर्सचं घेतलं, थ्रीएमचं पण चालतं, मला त्यात फार धर्मयुद्ध दिसत नाही. (मेग्वायर्सवाल्यांनी 1901 साली सुरुवात केली ती फर्निचरच्या पॉलिशपासून, हे वाचून मला उगाचच बरं वाटलं, म्हणजे घोळ पहिल्यापासूनच आहे.) खरा खर्च मशीनचा. गोल गोल फिरणारं रोटरी नाही घेतलं, त्यानं एकदा हात पोळलेत. ड्युअल अॅक्शन घेतलं, ते फिरतं पण आणि हलतं पण, एका जागी उष्णता साठत नाही, नवशिक्याला माफ करतं. हातानं पॉलिश होत नाही असं नाही, पण एक बॉनेट झालं की दंड भरून येतात आणि निकाल निम्माच येतो. वॅक्स मात्र हातानंच लावावं.

मुहूर्त काढला जानेवारीचा. गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत आपल्याकडं हवा बरी असते. मे महिन्यात 43 डिग्रीत पॉलिशची बाटली उघडणं म्हणजे तव्यावर लोणी ठेवून ते हातानं पसरायला जाणं, पत्र्याला लागायच्या आधीच वाळतं, मग धूळधूळ होतं आणि पुसता पुसत नाही. पत्रा हाताला गार लागला पाहिजे, सावली पाहिजे, आणि वर लिंबाचं झाड नको.

आधी धुतली. मग क्ले, म्हणजे चिकणमातीसारखी दिसणारी एक वडी असते, पाणी-शाम्पू मारत मारत ती हलक्या हातानं पत्र्यावर फिरवायची. धुवूनसुद्धा न निघालेलं जे काही रंगाला चिकटून बसलेलं असतं ते ती उचलते. फरक बघायचा असेल तर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून धुतलेल्या गाडीवरून हात फिरवा, रव्यासारखं खरखरीत लागतं. माझा एक दोस्त रेल्वे लाइन्सला राहतो, त्याच्या पांढऱ्या गाडीवर तर बारीक तांबडे ठिपके, ते रुळा-चाकांच्या घर्षणातून उडालेले लोखंडाचे कण, रंगात रुतून तिथंच गंजतात. त्याला एक वेगळा स्प्रे मिळतो, मारला की लोखंडाशी रिअॅक्शन होऊन जांभळे ओघळ येतात, आणि वास असा येतो की वहिनींनी खिडक्या लावून घेतल्या. क्ले करताना वडी खाली पडली तर टाकून द्यायची. पाच रुपयांचा पेढा पडला तर फुंकर मारून खातो आपण, पण ही वडी नाही, तिला चिकटलेला एक खडा अख्ख्या दाराची वाट लावतो.

मग काळ्या प्लास्टिकला आणि रबराला टेप लावला, आणि बॉनेटच्या एका कोपऱ्यात दीड फूट बाय दीड फूट जागा आखून घेतली. आधी तेवढंच करून बघायचं, जमलं तर पुढं. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब, मशीन बंद असतानाच ते टेकवून टेकवून पसरायचे, नाहीतर सुरू केल्याबरोबर भिंत, शर्ट आणि शेजाऱ्याची तुळस सगळ्यांचं पॉलिश होतं. माझं झालं. मग हळू स्पीडला पसरवून, स्पीड वाढवून, हात मात्र गोगलगायीसारखा. इथंच सगळे चुकतात, फरशी पुसल्यासारखा हात मारतात. एकदा उभ्या पट्ट्या, एकदा आडव्या, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर निम्मी चढलेली. दुसऱ्या फेरीला आण्णा दारात येऊन उभे. काही बोलले नाहीत. नुसतं बोटानं हवेत केलं, उभं, आडवं. मी म्हणलं, हो, कळालं.

पुसून टॉर्च मारला. त्या दीड फुटात जाळं नव्हतं, काळं तळं होतं, आणि टेपच्या पलीकडं जाळं तसंच. तो टेपचा काठ मी किती वेळ बघत बसलो असेन. बॉनेट, टप, चार दारं, मागं डिकी, दोन शनिवार-रविवार गेले, पाठ धरली. पॅड मधे मधे ब्रशनं साफ करायचं, कारण त्यात निघालेला क्लिअर कोट साठतो, तोच तो आपल्या फरशीचा चिखल. सगळे चरे काढायचा हट्ट धरला नाही, दहातले सात गेले तिथं थांबलो, उरलेल्या तिनासाठी आणखी मायक्रॉन खर्च करायला मन होईना. सोमवारी ऑफिसला पार्किंगमध्ये एकानं विचारलं, "का बे, नवीन रंग मारलास?" म्हणलं नाय बे, होता त्यातलाच थोडा काढला.

आता फडक्याचं सांगतो, कारण खरी शाळा तिथं झाली.

मी ऑनलाइन सहा मायक्रोफायबरची फडकी मागवली. सोलापुरात राहून, भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापुरी टेरी टॉवेलच्या गावात राहून, बाहेरून फडकी मागवली, आणि ती पण आण्णांच्या हातात पार्सल पडलं. त्यांनी एक फडकं काढलं, अंगठा आणि तर्जनीत धरून चोळलं, उजेडाकडं धरलं, नखानं एक लूप ओढून बघितला. म्हणले, "ह्याला कापड म्हणत नायत." मग मी वाचून दाखवलं की हे पॉलिस्टर आणि पॉलिअमाइड, एका डेनियरपेक्षा बारीक तंतू, आणि तो पण चिरलेला. डेनियर म्हणल्यावर ते थांबले. एक डेनियर म्हणजे 9000 मीटर धाग्याचं वजन एक ग्रॅम. नऊ किलोमीटर धागा, आणि वजन किती तर एक ग्रॅम. "आन् त्याच्यापेक्षा बारीक?" असं म्हणून त्यांनी ते फडकं परत चोळलं, या वेळी जरा आदरानं.

मग आण्णांनी माझा क्लास घेतला. टेरीमध्ये दोन ताणे असतात, एक जमिनीचा, तो ताठ, आणि एक लूपचा, तो ढिला सोडलेला, त्या ढिल्यामुळं लूप उभा राहतो. घाण त्या लुपांच्या मधे जाऊन बसायला जागा पाहिजे, सपाट कापड घाण पुढं ढकलत नेतं, म्हणून धोतराच्या फडक्यानं गाडी पुसू नये. नवीन टॉवेल पाणी पीत नाही कारण त्यात कांजी आणि सॉफ्टनर असतो, दोन-तीन धुण्यांनी सुधारतो. धुताना कम्फर्ट-बिम्फर्ट घालायचं नाही, त्यानं धाग्यावर थर बसतो. हे मी मायक्रोफायबरच्या पाकिटावर पण वाचलं होतं, शब्दाला शब्द. आणि मग त्यांनी कात्री मागितली. म्हणलं कशाला? तर म्हणले ह्याचा काठ बघ, लेबल बघ, मऊ मऊ म्हणून आणलंस आणि काठाला टणक दोऱ्याची शिलाई, लूप नाय ओरखडत, काठ ओरखडतो. लेबलं कापून टाकली, सहाच्या सहा. आणि चार घड्या घालायला सांगितलं म्हणजे काठ आत जातो आणि पुसायला आठ बाजू मिळतात, एक घाण झाली की दुसरी.

सिग्नलवर दिसलेलं जाळं ज्या टॉवेलांनी पडलं होतं, त्यांना पण असाच टणक काठ होता, हे मी बोललो नाही. त्यांनीच सांगितलं, "ते टॉवेल काठ चुकल्यालेच होते."

मग वॅक्स. मी कार्नोबा घेतलं, घट्ट, डबीतलं. हे मेण ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या जातीच्या झाडापासून येतं. तिकडं पण कोरडं, कडक ऊन, त्यामुळं झाड पानातलं पाणी उडू नये म्हणून पानाला स्वतःच मेण चोपडून घेतं. लोक पानं कापतात, वाळवतात, झोडपतात, आणि निघालेली भुकटी वितळवून मेण करतात. म्हणजे मळणीच की! हे वाचलं आणि मला आमच्या मामाचं मंगळवेढ्याचं रान आठवलं. ज्वारी निसवायच्या सुमाराला ताटावर, पानाच्या देठाशी एक पांढरी भुकटी असते, लहानपणी बोटानं ओढून त्यावर नाव लिहायचो. ते पण मेणच. कमी पाण्यात, तसल्या उन्हात ज्वारी तग धरते त्याला जी चार कारणं आहेत त्यातलं ते एक. उसाच्या कांड्यावर असतं, तेही तेच. म्हणजे पाणी कमी आणि ऊन जास्त असलं की काय करायचं हे ज्वारीला ठाऊक होतं, आम्हीच 230 ग्रॅमच्या डबीसाठी ब्राझीलपर्यंत गेलो.

कार्नोबा 82 ते 86 डिग्रीला वितळतं, मेणांमध्ये ते फार चिवट. पण डबीत निव्वळ कार्नोबा नसतं, ते दगडासारखं असतं, लावताच येणार नाही, त्यात मऊ मेणं आणि द्रावणं मिसळलेली असतात. आमच्या उन्हाळ्यात काळ्या बॉनेटवर हात ठेवता येत नाही, तिथं हे मेण महिना-दीड महिना टिकलं की मी त्याला नमस्कार करतो. पॉलिमरचं सिंथेटिक सीलंट मिळतं, ते काही महिने टिकतं, उन्हाळ्यात मी आता तेच लावतो, आणि कार्नोबा दिवाळीला. काळ्या रंगावर कार्नोबानं एक ओलसर खोली येते, ती मला सीलंटमध्ये दिसत नाही. बायकोला दोन्हीत काहीच फरक दिसत नाही. ती म्हणते ते पण नोंदवून ठेवतो.

लावताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे सढळ हात. भाकरीला तूप लावतो तसं नाही लावायचं. जेवढं रंगाला धरतं तेवढंच राहतं, बाकीचं पुसण्यातच जातं, आणि दमतो आपण. इतकं पातळ की लावलंय का नाही असं वाटावं. मग वाळू द्यायचं, धुकट दिसायला लागलं की बोट ओढून बघायचं, बोटाखाली स्वच्छ निघालं तर पुसायला तयार, लिबलिबीत पसरलं तर अजून थांबा. एक भाग झाला की मग दुसरा, अख्खी गाडी एकदम माखून ठेवायची नाही. आणि पॉलिशनंतर, वॅक्सच्या आधी, आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून एकदा पुसून घ्यायचं म्हणजे पॉलिशचं तेल निघतं आणि खरंच चरे गेलेत का नुसते बुजलेत ते कळतं. त्या 1200 रुपयांनंतर मी ही पायरी कधी गाळत नाही.

बंपरच्या काळ्या प्लास्टिकला वॅक्स लागलं तर पांढरट डाग पडतात आणि जाता जात नाहीत. अमेरिकेतले लोक त्यावर पीनट बटर चोळा म्हणतात, शेंगदाण्याच्या तेलानं निघतं म्हणे. सोलापुरात शेंगांना काय तोटा. पण घरात फक्त शेंगाचटणी होती, आणि आई बघत होती.

सिरॅमिक कोटिंगचं, म्हणजे वॅक्सच्या जागी लावायच्या कडक पारदर्शक थराचं, विचारणारे फार असतात. मला एकानं 18 हजार सांगितले होते. वाईट नाही ते, वॅक्सपेक्षा किती तरी जास्त टिकतं, पाणी छान घसरतं. पण "9 एच हार्डनेस" म्हणून हिऱ्याच्या जवळपास असल्यासारखं जे सांगतात ना, ते 9 एच म्हणजे पेन्सिलीच्या मापातलं. एचबी, टूबी असते ना पेन्सिल, त्याच पट्टीवरचं. गेटचा खिळा, मुलांची सायकल, आणि आण्णांचा कोरडा टॉवेल यांना त्याचं काही वाटत नाही. आणि खाली चरे असतील तर ते तसेच काचेखाली फोटो ठेवल्यासारखे पक्के होतात, म्हणजे पॉलिश आधी करावंच लागतं. 18 हजारांतले बरेचसे त्या पॉलिशच्या मजुरीचेच असतात.

हे एवढं सगळं करून रोजची लढाई पाण्याशीच. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, आणि इंटरनेटवरचे साहेब सांगतात दोन बादल्यांची पद्धत, एक शाम्पूची, एक फडकं खळबळायची. दुसरी बादली बघून आईचा चेहरा बघण्यासारखा होता. बोअरचं पाणी वापरावं तर ते जड, उन्हात वाळलं की क्षारांचे पांढरे गोल गोल डाग, वेळेत व्हिनेगर-पाणी लावून पुसले तर निघतात, चार महिने ठेवले तर क्लिअर कोट खातात, मग परत पॉलिश, परत मायक्रॉन. पक्ष्यांची शीट पण तसलीच, मे महिन्यात दुपारी पडलेली संध्याकाळपर्यंत ठसा उमटवून जाते, म्हणून डिकीत एक बाटली आणि एक फडकं कायम.

यावर उपाय आण्णांनीच काढला. एसीच्या पाइपखाली बादली. ते पाणी हवेतलंच थंड होऊन पडलेलं, त्यात क्षार नावालाच. उन्हाळ्यात रात्रीत चार-पाच लिटर सहज साठतं. गाडी कशानंही धुवा, शेवटचा हात त्या पाण्याचा, डाग पडत नाहीत. पुसायचं पण आता पाणी मारल्याशिवाय नाही, हे त्यांनी स्वतःच ठरवलं, मी बोललो नव्हतो.

फक्त काल फडकी धुऊन वाळत घातली तर पाचच भरली. आण्णा दुपारी गॅलरीत बसून चष्मा पुसत होते, उभं, आडवं, चार घड्या घालून. मी विचारलं नाही.